जस्ताची मोड

ठाणे-बेलापूर रस्त्याच्या पश्चिमेला, कोपरखैरण्याला लागून बोनकोडे हे गाव आहे. पूर्वेस पारसिकच्या डोंगराची रांग, पश्चिमेस ठाण्याची खाडी आणि मधल्या सपाट जमिनीत भाताची खाचरे व मिठागरे, असे या पट्टीतील गावांचे जुने रूप होते. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली आणि या रस्त्याच्या कडेने कारखान्यांची मोठी वसाहत उभी राहिली. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि पाहता पाहता नव्या शहराने गावांना वेढून टाकले. खाचरांची जागा इमारतींनी घेतली. गावठाणे मात्र आपापल्या नावांनिशी टिकून राहिली.

खाडीकाठच्या अशा गावांत पावसाळा तोंडावर आला की एक काम हमखास निघते. गळके पत्रे बदलायचे, पागोळीची पन्हळ दुरुस्त करायची, फुटकी बादली टाकून द्यायची. खाऱ्या वाऱ्यापुढे लोखंडाचे काही चालत नाही. टाकाऊ झालेले हे सारे सामान मग भंगारवाल्याच्या दुकानी जाते. आपल्या आजीच्या पिढीत याला फार चांगला शब्द होता. जुनी भांडी ‘मोडीत’ घालायची आणि त्या मोडीच्या मोलात नवे भांडे घरी आणायचे. मोड म्हणजे मोडलेली वस्तू खरी. परंतु मोल संपलेली वस्तू नव्हे. ‘कचरा’ आणि ‘मोड’ या दोन शब्दांतील हा फरक ध्यानात ठेवून आपण आज एका धातूची ओळख करून घेऊ. त्याचे नाव जस्त. संस्कृतात त्यालाच यशद म्हणतात.

भंगाराच्या दुकानात तांब्याचा ढीग आतल्या बाजूस, नजरेसमोर ठेवलेला असतो. पितळेलाही मान असतो. जस्ताचे तुकडे बहुधा कोपऱ्यात पडलेले दिसतात. मोडक्या कुलपाचे अंग, नळाची मूठ, दाराची कडी, जुन्या स्कूटरचा कार्ब्युरेटर, लहान मुलांची खेळण्यातली मोटार, पिशवीच्या चेनची बंधने, अशा कितीतरी वस्तू जस्ताच्या मिश्रधातूच्या ओतीव असतात. वरचा चकचकीत मुलामा गेला की आतून राखाडी, निळसर छटेचा धातू दिसू लागतो. अनुभवी भंगारवाला तो कसा ओळखतो, ते पाहण्यासारखे आहे. प्रथम तो तुकड्याला लोहचुंबक लावतो. चुंबकाला चिकटला तर ते लोखंड. न चिकटल्यास तो तुकडा तळहातावर तोलतो. ॲल्युमिनियम हलके असते. तेवढ्याच आकाराचे जस्त त्याच्या अडीचपटीहून जड भरते. तुकडा जड आहे आणि नखाने त्यावर ओरखडाही उमटतो, असे झाले तर ते शिसे. नखाला दाद न देणारा, जड, करडा आणि घणाचा घाव बसताच वाकण्याऐवजी तुटणारा, तो जस्ताचा तुकडा होय.

येथे एक घोटाळा दूर केला पाहिजे. पितळेच्या भांड्यांना आतून कल्हई करतात, ती जस्ताची असते असा पुष्कळांचा समज आहे. ती कथलाची असते. कथील आंबट पदार्थांना बऱ्यापैकी टिकून राहते. जस्त टिकत नाही. ताक, चिंचेचा कोळ किंवा लिंबाचे सरबत जस्त चढवलेल्या बादलीत ठेवले, तर त्यात जस्त विरघळते आणि ते पिणाऱ्यास मळमळ व वांत्या होऊ शकतात. कल्हई उडालेल्या पितळेच्या पातेल्यात आमटी कळकते, हे तर तुम्ही घरी ऐकलेच असेल. पितळेत तांब्याबरोबर जस्त असते, हे येथे लक्षात घ्यावे.

हा धातू मोठा लहरी आहे. थंड असताना ठोकला तर तुटतो. शंभर ते दीडशे अंश तापवला तर मऊ होऊन त्याचे पत्रे लाटता येतात. आणखी तापवून दोनशे अंशांच्या पलीकडे नेला की पुन्हा ठिसूळ होतो, इतका की त्याची कुटून पूड करता येते. सुमारे ४१९ अंशांवर तो वितळतो आणि ९०७ अंशांवर त्याची वाफ होते. तांबे वितळण्यासही १०८४ अंश लागतात, हे पाहिले म्हणजे जस्ताची वाफ किती लवकर होते ते कळेल. या एका गुणामुळे माणसाला जस्त फार उशिरा सापडले. भट्टीत खनिज घालून तापवावे, तर धातू मोकळा होताच त्याची वाफ होई, आणि हवेत येताच ती वाफ जळून पांढरी राख होई. हाती काहीच लागत नसे.

ही अडचण आपल्या देशातील कारागिरांनी सोडवली. राजस्थानात उदयपूरजवळ जावर नावाचे ठिकाण आहे. तेथील लोक खनिज व इतर द्रव्ये मातीच्या बंद मुशीत भरीत. मुशीचा आकार वांग्यासारखा असे. म्हणून ‘रसरत्नसमुच्चय’ या जुन्या रसशास्त्रीय ग्रंथात तिला ‘वृंताक मूषा’ म्हटले आहे. वृंताक म्हणजे वांगे. ही मूस देठाकडचे तोंड खाली करून भट्टीत बसवीत. वर आग आणि खाली गारवा. वाफ नळीतून खाली उतरे, थंड होई आणि तिचे थेंब खालच्या भांड्यात जमत. १९८३ साली जावर येथे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातील पुरातत्त्वज्ञ आणि ब्रिटिश म्युझियममधील तज्ज्ञ यांनी मिळून उत्खनन केले, तेव्हा एकेका भट्टीत छत्तीस मुशी ओळीने बसवलेल्या सापडल्या. परंतु मला त्याहून नवल वाटते ते दुसऱ्याच गोष्टीचे. एकदा वापरलेली मूस पुन्हा कामास येत नसे. अशा लाखो मुशी टाकाऊ झाल्या. त्यांचे ढीग तेथे आजही आहेत. आणि जावरच्या लोकांनी त्या मुशी विटांप्रमाणे एकावर एक रचून घरांच्या भिंती उभारल्या. मूस भाजून दगडासारखी कठीण झालेली, आतून मळीने भरलेली. भिंतीला याहून चांगली वीट कोठली?

आता या जस्ताचे काम काय ते पाहू. तुमच्या घरावरील पन्हळी पत्रा लोखंडाचाच असतो. त्यावर जस्ताचा पातळ थर चढवलेला असतो. लोखंडी वस्तू स्वच्छ करून सुमारे साडेचारशे अंश तापमानाच्या वितळलेल्या जस्तात बुडवून काढतात. नव्या बादलीवर थंडीत खिडकीच्या काचेवर उमटावी तशी पानाफुलांची नक्षी दिसते, ते या जस्ताचे स्फटिक होत.

हा थर लोखंडाला झाकतो, एवढेच त्याचे काम असते तर त्यात विशेष काही नव्हते, रंगही झाकतोच. रंगावर ओरखडा पडला की त्या जागी गंज धरू लागतो आणि रंगाच्या खालून पसरत जातो. डब्याच्या पत्र्यावरील कथलाचा थर खरवडला गेला तर लोखंड उलट अधिकच वेगाने गंजते. जस्ताचे तसे नाही. ओरखडा पडून लोखंड उघडे झाले, तरी त्याच्या आजूबाजूचे जस्त आधी स्वतः झिजते आणि जोवर ते जवळपास शिल्लक आहे तोवर लोखंडाला गंजू देत नाही. हवेतील ओलावा व क्षार यांच्याशी संयोग पावण्याची जस्ताची ओढ लोखंडापेक्षा अधिक आहे, एवढेच त्याचे कारण. एक खिळा साधा आणि एक जस्त चढवलेला, असे दोन खिळे कानशीने थोडे घासून मिठाच्या पाण्यात ठेवा. दोन-तीन दिवसांत फरक तुमचा तुम्हांला दिसेल.

हाच गुण नौकांच्या कामी येतो. खाऱ्या पाण्यात सदैव बुडालेले लोखंडी सुकाणू आणि बूड वाचवण्यासाठी तेथे जस्ताचे ठोकळे घट्ट बसवतात. समुद्राचे पाणी त्या ठोकळ्यांना खाते आणि बूड शाबूत राहते. ठोकळा झिजला की नवा लावायचा. ही युक्ती प्रथम सुचली हंफ्री डेव्ही या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाला. १८२४ साली त्याने लाकडी युद्धनौकांच्या बुडाला लावलेले तांब्याचे पत्रे वाचवण्यासाठी त्यांना जस्ताचे किंवा लोखंडाचे तुकडे जोडून पाहिले. तांब्याची झीज थांबली. प्रयोग यशस्वी झाला. पण पुढे भलतेच घडले. तांबे झिजत असताना त्याचा जो विषारी अंश पाण्यात उतरत होता, त्यामुळे शंखशिंपले व शेवाळ बुडाला चिकटत नसत. झीज थांबताच हे सारे पाहुणे बुडावर वस्तीला आले आणि नौका जड होऊन मंदावल्या. लोखंडी बुडाच्या नौका आल्यावर मात्र डेव्हीची कल्पना पुन्हा उपयोगी पडली आणि आजही ती चालू आहे.

मग भंगारातले जस्त वितळवून असा ठोकळा ओतावा काय? मोह होतो खरा. पण तो ठोकळा बहुधा निकामी ठरेल. या कामाला अतिशय शुद्ध जस्त लागते. त्यात लोखंडाचा अगदी सूक्ष्म अंश जरी अधिक झाला, तरी ठोकळ्यावर घट्ट साय धरते आणि तो झिजायचा थांबतो. जो झिजत नाही तो राखतही नाही. तेव्हा मोडीचा उपयोग शोधताना ‘हे कशाला तरी चालेल’ असे म्हणून भागत नाही. कोणत्या मोडीत काय मिसळलेले आहे, हे आधी विचारावे लागते.

काही ठिकाणी मिश्रण अडचणीचे नसून हवेच असते. पितळ हे त्याचे जुने उदाहरण. साधारणपणे दोन भाग तांबे आणि एक भाग जस्त घेतले की पिवळेधमक पितळ होते. विदर्भातील भंडारा हे गाव पितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे. पुण्याच्या तांबट आळीतून ठोक्यांचा आवाज पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येत आला आहे. तांबे-पितळेच्या या धंद्यात मोड कधी वाया जात नाही. जुनी घागर वितळते आणि नवी घागर होते. ओतकाम करणारा आधी तांबे वितळवतो आणि जस्त शेवटी घालतो. कारण आधी घातले तर त्याची वाफ होऊन उडून जाईल. घालताना मुशीच्या तोंडाशी हिरवट ज्योत दिसते आणि पांढरा कापूस पिंजावा तसे कण हवेत तरंगू लागतात. तो कापूस म्हणजे जस्ताची राख होय.

दुसरे एक उदाहरण तुमच्या हातातील पुस्तकाच्या जातीचे आहे. विसाव्या शतकात पुष्कळ वर्षे शालेय पुस्तकांतील व मासिकांतील रेखाचित्रे जस्ताच्या ठशांवरून छापली जात. छापखान्यात त्यांना ‘ब्लॉक’ म्हणत. जस्ताच्या पत्र्यावर छायाचित्रणाच्या रीतीने चित्र उमटवायचे, मग पत्रा आम्लात ठेवायचा. आम्ल मोकळी जागा खाऊन टाकी आणि चित्राच्या रेषा उठून राहत. पत्रा लाकडी ठोकळ्यावर ठोकला की खिळ्यांच्या शेजारी बसून तो छपाईला तयार होई. ऑफसेट मुद्रण आले आणि हे ब्लॉक वजनावर विकले गेले. कितीतरी चित्रे अशी वितळून गेली. धातू वाचला, हे खरे. तरी त्यांतले काही ब्लॉक जपून ठेवायला हवे होते, असे माझ्यासारख्या जुन्या शिक्षकाला वाटते.

घरी व शाळेत जस्ताच्या मोडीचे काय करता येईल, हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. करण्याजोगे थोडे आहे आणि न करण्याजोगे पुष्कळ. जुना जस्ती पत्रा कुंपणाला, कोंबड्यांच्या खुराड्याला, रोपांच्या वाफ्याच्या कडेला लावता येतो. गळकी बादली झाडासाठी चांगली, फक्त तिला खालून आणखी दोन भोके पाडावीत. कोकणातल्या पावसात कौलांवर शेवाळ माजते. आढ्यावर जस्ताची अरुंद पट्टी बसवली तर तिच्यावरून ओघळणाऱ्या पाण्यात जस्ताचा किंचित अंश उतरतो आणि पट्टीच्या खालच्या भागात शेवाळ कमी धरते. जुन्या पत्र्याची कड जेथे भिंतीवर ठिबकते, तेथे भिंतीचा पट्टा इतर जागेपेक्षा स्वच्छ दिसतो का, ते या पावसाळ्यात पाहून ठेवा. शाळेत लिंबाचा विद्युत्‌घट करता येईल. लिंबात एक जस्त चढवलेला खिळा आणि एक तांब्याची तार, एकमेकांस न लागतील अशी खोचली, की एका व्होल्टच्या जवळपास दाब मिळतो. तीन-चार लिंबे ओळीने जोडली तर लहानसा लाल दिवा मंद उजळतो. प्रयोगात वापरलेली लिंबे मात्र टाकून द्यावीत. त्यांचे सरबत करू नये.

टॉर्चच्या साध्या सेलचे बाहेरचे कवच जस्ताचे असते. वापरात ते आतून झिजते. म्हणून जुना सेल फुटून पाझरतो. परंतु जस्तासाठी सेल फोडू नये. आतली काळी भुकटी व क्षार अंगास अपायकारक असतात. जुने सेल वेगळे साठवून ते गोळा करणाऱ्या केंद्राकडे द्यावेत. त्याचप्रमाणे जस्त चढवलेले पत्रे, तारा, नळ्या आगीत कधीही टाकू नयेत. जस्ताचा पांढरा धूर छातीत गेला, तर काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो, तोंडाला धातूची चव येते, अंग मोडून येते. जस्ती नळ्यांना वेल्डिंग करणाऱ्या कामगारांना हा ताप चांगला परिचित आहे. रोजच्या धुराची शरीराला थोडी सवय होते, आणि रविवारच्या सुट्टीत ती सवय मोडते. म्हणून पाश्चात्त्य कारखान्यांत त्याला ‘सोमवारचा ताप’ असे नाव पडले. गंमत वाटावी असे नाव; पण भोगणाऱ्याला ती गंमत नव्हे.

आता सर्वांत मोठ्या मोडीकडे वळू. ती घरांतून येत नाही. लोखंडावर जस्त चढवणाऱ्या कारखान्यांतून येते. वितळलेल्या जस्ताच्या हौदावर दुधावर साय धरावी तशी राखेची साय धरते. ती सारखी काढून टाकावी लागते. तळाशी लोखंड मिसळलेल्या जस्ताचा जड गाळ बसतो. ही राख आणि हा गाळ मिळून बरेच जस्त हौदाबाहेर जाते. कारखान्याला ते निरुपयोगी. उघड्यावर टाकले तर पावसाबरोबर ओढ्यात व खाडीत उतरून मासळीचा घात करणारे. म्हणून २०१६ सालच्या धोकादायक कचऱ्यासंबंधीच्या नियमांनुसार अशी राख परवाना असलेल्या उद्योगांनाच देता येते.

ते उद्योग तिचे काय करतात, हे समजण्यास तुमची प्रयोगशाळा पुरे. हायड्रोजन वायू तयार करण्यासाठी आपण जस्ताच्या तुकड्यांवर सौम्य गंधकाम्ल ओततो. बुडबुडे येतात, वायू मिळतो, आपण टाळ्या वाजवतो आणि चंबूत उरलेले स्वच्छ पाणी मोरीत ओतून देतो. त्या पाण्यात जस्ताचे सल्फेट असते. ते आटवले तर पांढरे स्फटिक मिळतात. कारखान्यात राख आम्लात विरघळवतात, तीतील लोखंड व शिसे काढून टाकतात, गाळतात, आटवतात आणि याच स्फटिकांची पोती भरतात. ती पोती कोठे जातात? शेतावर.

हिमालयाच्या पायथ्याच्या तराई प्रदेशात भाताला एक रोग पडे. लावणीनंतर दोन-तीन आठवड्यांत खालच्या पानांवर गंजासारखे तांबूस ठिपके येत, ठिपके एकमेकांत मिसळून पाने काताच्या रंगाची होत आणि रोप खुरटून बसे. या रंगावरून त्याला ‘खैरा’ म्हणत. (आपल्या शेजारच्या खैरणे गावाशी या नावाचा संबंध जोडू नये.) पंतनगरच्या कृषी विद्यापीठात यशवंत लक्ष्मण नेने हे वनस्पतिरोगांचे तज्ज्ञ होते. हा रोग कोणा बुरशीचा वा जंतूचा नाही, रोपाला जस्त मिळत नाही म्हणून तो होतो, हे त्यांनी १९६६ साली दाखवून दिले. शत्रू शोधायला निघावे आणि उणीव सापडावी, असा हा प्रकार झाला. पाणी तुंबलेल्या खाचरात मातीतले जस्त मुळांना मिळणे कठीण होते. चुनखडीच्या जमिनीत तर अधिकच. महाराष्ट्रातही विदर्भ-मराठवाड्याच्या पुष्कळ काळ्या जमिनींत जस्त कमी आहे. अशा जमिनीतील धान्यातही ते कमी उतरते; आणि माणसाची वाढ होण्यास, जखम भरून येण्यास, लहान मुलाला अतिसारातून उठण्यास जस्त लागतेच. म्हणून जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी २००४ साली अतिसार झालेल्या मुलांना क्षारसंजीवनीबरोबर दहा ते चौदा दिवस जस्ताची गोळी द्यावी, अशी शिफारस केली. ही गोळी औषध म्हणून शुद्ध केलेल्या जस्ताची असते, हे सांगायला नकोच.

जेथे भाताची खाचरे होती, त्या ठाणे-बेलापूर पट्टीत कारखाने आले. आणि कारखान्यांच्या हौदावरील राख अशा रीतीने दूर कोठल्या तरी खाचरात भाताच्या मुळाशी जाऊन पोहोचते. त्यासाठी फार मोठे परिमाणही लागत नाही. माती तपासून उणीव आढळली, तर हेक्टरी २५ किलो झिंक सल्फेट लावणीच्या वेळी चिखलात मिसळतात. उभ्या पिकावर ठिपके दिसू लागले, तर ५ किलो झिंक सल्फेट आणि २.५ किलो विरवलेला चुना १००० लिटर पाण्यात कालवून एक हेक्टरभर फवारतात. आधी करपलेली पाने सावरत नाहीत. त्यानंतर फुटणारी नवी पाने मात्र हिरवी निघतात.